काटा शून्यावर, पण बोट चालू



आमच्याकडे मोटारबोट आहे असे ऐकले की पुष्कळ जण आम्हांला श्रीमंत समजतात. तसे काही नाही हो! आम्ही दोघा भावांनी मिळून २०२१ साली ही बोट जुनी विकत घेतली. कुणीतरी ती अमेरिकेहून आणली होती आणि आम्हांला ती जुन्या मोटारगाडीच्या किमतीत मिळाली. लांबी साडेपाच मीटर, मागे एक इंजिन, सहा माणसे बसतील एवढी जागा. आम्ही तवेरियाजवळ राहतो. समोर किनेरेतचे गोडे पाणी. शुक्रवारी सकाळी मुलानातवंडांना घेऊन एक फेरी मारायची आणि दुपारी पश्चिमेचा वारा सुटून लाटा उठायच्या आत परत यायचे, एवढीच आमची चैन.

या बोटीच्या वेगाच्या काट्याने, म्हणजे स्पीडोमीटरने, आम्हांला दोन वर्षे कसे नाचवले आणि शेवटी काय शिकवले, ते आज सांगतो. ज्यांची बोट आहे त्यांच्या उपयोगी पडेल. ज्यांची नाही त्यांनी गोष्ट म्हणून वाचावी. आणि बाळांनो, तुम्ही आजी-आजोबांकडून वाचून घ्या, कारण यात तुमच्यासाठी एक खेळ आहे.

काटा बरोबर नाही, हे आम्हांला पहिल्या वर्षीच कळले होते. मोबाइलवर वेग दिसतो. मोबाइल ताशी ४५ किलोमीटर म्हणायचा तेव्हा काटा १४ वर असायचा. आम्ही हसून सोडून दिले. ‘जुनी बोट आहे, म्हातारी झाली की असेच होते,’ म्हणायचे आणि पुढे जायचे. पण डोळ्यांची सवय वाईट. काटा समोर असला की माणूस त्याच्याकडेच बघतो, मग तो खोटा का असेना.

२०२३ च्या उन्हाळ्यात एका शुक्रवारी आम्ही धक्क्याला लागत होतो. सुकाणूवर आमच्यापैकी कोण होते, हे सांगून उपयोग नाही, कारण आम्ही दोघेही काट्याकडेच पाहत होतो. काटा शून्यावर होता. बोट जवळजवळ उभी आहे असे समजून आमच्या नऊ वर्षांच्या नातवाने धक्का धरायला हात पुढे केला. बोट उभी नव्हती. त्याचा हात बोट आणि धक्का यांच्यामध्ये सापडला. मराठीत पाण्यातली ती बोट आणि हाताचे ते बोट, यावरून आम्ही मुलांची नेहमी गंमत करायचो. त्या दिवसानंतर ती गंमत आम्ही पुष्कळ दिवस केली नाही. दोन बोटे चेंगरली. देवाची कृपा म्हणून ती वाचली, पण तीन आठवडे प्लास्टर होते.

घरी सगळ्यांनी एकमुखाने काट्याला शिव्या दिल्या. आम्हीही दिल्या. दुकानदार म्हणाला, ‘काटा, नळी, सगळे नवीन घाला.’ एका ओळखीच्याने सांगितले, ‘काट्याच्या मागे स्क्रू असेल, तो फिरवा आणि मोबाइलशी जुळवून टाका.’ तेवढ्यात ऑक्टोबर २०२३ मध्ये युद्ध सुरू झाले. बोटीचे कुणाला सुचणार? ताडपत्री घालून ती तशीच गाड्यावर उभी राहिली.

२०२४ च्या पेसाहला अशदोदहून आमचे मोठे मामा आणि मामी आले. मामांचे वय तेव्हा चौऱ्याऐंशी. तरुणपणी ते भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणाऱ्या लाँचवर इंजिन सांभाळायचे. पुढे मुंबईच्या गोदीत फिटर झाले आणि १९६९ मध्ये इकडे आले. सण संपल्यावर मे महिन्यात आम्ही बोट पाण्यात घातली. आता काटा मुळीच हलेना. नातवाने मोबाइल काढला, तर मोबाइल म्हणाला, आपण बैरूतच्या विमानतळावर आहोत! त्या दिवसांत उत्तरेत उपग्रहाचे संदेश मुद्दाम बिघडवले जात होते, त्यामुळे पुष्कळांचे मोबाइल बैरूत दाखवायचे. मामा म्हणाले, “काटा झोपलेला आणि फोन बैरूतला. बरं झालं! आता तरी डोकं वापराल.”

आम्ही स्क्रूची गोष्ट काढली. मामा चिडले. “अरे, थर्मामीटरचा आकडा बदलून ताप उतरतो का? आधी दुखतंय कुठे ते बघा.”

बाळांनो, बोटीचा वेग काट्याला कसा कळतो ते आधी समजून घ्या. मोटारगाडीची चाके रस्त्यावर फिरतात, त्यांचे फेरे मोजले की वेग कळतो. बोटीला चाक नाही, आणि तिचा पंखा पाण्यात घसरत फिरतो, म्हणून त्याचे फेरे मोजून नेमका वेग मिळत नाही. चालत्या बोटीतून पाण्यात तळहात धरला तर पाणी हाताला मागे ढकलते ना? वेग वाढला की जास्त ढकलते. तोच दाब काटा मोजतो. आमच्या बोटीच्या मागच्या फळीला, खाली पाण्यात, करंगळीएवढी प्लास्टिकची दांडी आहे. तिला पुढच्या बाजूने बारीक भोक. पाणी त्या भोकात दाबते, तो दाब एका बारीक नळीने वर काट्यापर्यंत पोचतो. आंरी पितो नावाच्या फ्रेंच इंजिनिअरने १७३२ मध्ये अशीच नळी धरून पॅरिसच्या सेन नदीचा वेग मोजला होता. विमानांनाही आज अशीच नळी असते, फक्त तिच्यात पाण्याऐवजी हवा दाबते.

म्हणजे बिघाड तीन ठिकाणी असू शकतो: भोकात, नळीत किंवा काट्यात. मामा म्हणाले, “पहिल्यांदा काट्याची साक्ष घ्या. तो खोटा निघाला तरच नवीन आणा.”

साक्ष कशी घ्यायची? इथे आमची दहावीतली नात पुढे आली. तिने वहीत हिशेब करून सांगितले की बोटीच्या वेगाने जो दाब येतो, तोच दाब उंच उभ्या केलेल्या पाण्यानेही येतो. ताशी २० किलोमीटर वेगाचा दाब म्हणजे १ मीटर ५७ सेंटिमीटर उंच पाणी. वेग दुप्पट झाला तर दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो. मामांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, “चला, गॅलरी आहे ना!”

काटा काढून आम्ही अंगणात आणला. सहा मीटर पारदर्शक नळी आणली, पाण्याने भरली, पण काट्याकडचा हातभर भाग रिकामा ठेवला, म्हणजे काट्यात पाणी जाणार नाही. नळीला काट्याजवळ खाली झोळ दिला. दुसरे टोक अंगठ्याने दाबून वर नेले आणि मग अंगठा काढला. भिंतीवर टेपने खुणा केल्या. नळीतल्या दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीत जेवढा फरक, तेवढी उंची धरायची. पाणी १ मीटर ५७ वर आले. काट्याने किती दाखवावे? बारा आणि थोडे वर!

“बघा, खोटा!” आम्ही ओरडलो. मामांनी खिशातून भिंग काढले आणि तबकडी निरखून पाहिली. उन्हाने पुसट झालेली बारीक अक्षरे त्यांनी वाचली आणि हसू लागले. बोट अमेरिकेहून आलेली. तबकडीवर किलोमीटर नव्हतेच, मैल होते! ताशी २० किलोमीटर म्हणजे साधारण साडेबारा मैल. काटा बरोबर सांगत होता, दोन वर्षे आम्हीच चुकीचे वाचत होतो.

खात्री करायला नातीने २० मैलांचा हिशेब केला. उंची आली ४ मीटर ७ सेंटिमीटर. मग मामींना पहिल्या मजल्याच्या गॅलरीत पाठवले. मामी कठड्यावरून नळी धरून उभ्या, खाली मामा भिंग लावून बसलेले, मुले ओरडताहेत, “अजून वर, आजी, अजून वर!” शेजारची मोरोक्कन बाई खिडकीतून विचारू लागली, “मा कारा? काय झालं?” मामी म्हणाल्या, “बोट चालवतोय!” काटा बरोबर वीसवर उभा राहिला. मामांनी तो पुसला आणि म्हणाले, “बिचारा! निर्दोष आहे.”

आता राहिले भोक आणि नळी. दांडीच्या भोकात बारीक तार घातली, तर आत घट्ट माती. बोट हिवाळाभर गाड्यावर उभी होती, तेवढ्यात कुंभारीण माशीने तिथे घर केले होते. तिच्या मागे पांढरा क्षारही साचला होता. तार हलकेच फिरवून भोक मोकळे केले. मग नळीचे वरचे टोक सायकलच्या पंपाला जोडून हवा मारली. इथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: नळी काट्यापासून सोडवल्याशिवाय हवा कधीही मारू नका. काटा नाजूक असतो, पंपाच्या एका दणक्याने तो कायमचा जाईल.

पाण्यात गेलो. काटा हलला, पण मोठ्या वेगातही १४ च्या वर जाईना. म्हणजे आम्ही पुन्हा जुन्या आजारावर आलो. मोबाइल पूर्वी ४५ किलोमीटर म्हणायचा, म्हणजे २८ मैल. काटा त्याच्या अर्धा दाखवत होता. नातीने लगेच सांगितले, “वेग अर्धा दिसतो म्हणजे दाब चौथाईच पोचतोय.” बाकीचा जातो कुठे? मामा म्हणाले, “नळी गळतेय.”

किनाऱ्यावर येऊन भोक बोटाने बंद केले, वरून पंपाने हळू हवा दिली आणि नळीला साबणाचे पाणी लावत गेलो. जिथे इंजिन वळते, तिथे नळीही प्रत्येक वळणाला वाकते. नेमके तिथे फुगे आले. केसाएवढी चीर! तेवढा तुकडा कापून सांधा घातला. खर्च किती झाला म्हणाल, तर दुकानदाराने सांगितला होता त्याच्यापुढे काहीच नाही.

मामांनी मुलांना बसवून एक बारकावा सांगितला, तो आम्हांलाही नवा होता. भोक अर्धवट बुजले आणि नळी घट्ट असली, तर काटा सावकाश चढतो, पण शेवटी बरोबर आकड्याला पोचतो. नळी थोडी गळते, पण भोक मोकळे असले, तर आलेल्या दाबाने ती गळती बरीचशी भरून निघते. दोन्ही एकदम झाले की काटा कायम कमी दाखवतो. “दोन चोर एकत्र आले की घर लुटलं जातं,” मामा म्हणाले. म्हणून एक दोष सापडला की थांबू नये. दुसराही शोधावा.

आणखी दोन गोष्टी तपासाव्यात. दांडी सैल होऊन वर उचलली गेली असेल, तर ती फेसात चालते आणि काटा नाचतो. ती पंख्याच्या घुसळलेल्या पाण्याजवळ नसावी, तिच्यापुढे बोटीचा तळ सपाट असावा. आणि नळी कुठे दुमडली असेल तर ती सरळ करावी.

मग परीक्षा. मोबाइल अजून बैरूतलाच होता, तेव्हा जुनी पद्धत. किनाऱ्यालगतचा रस्ता जिथे सरळ आहे, तिथे मोटारीने एक किलोमीटर मोजला आणि दोन्ही टोकांना पाण्यातून दिसतील अशा खुणा धरल्या. काटा २० मैलांवर स्थिर ठेवून जाताना १११ सेकंद लागले, येताना वारा समोर होता म्हणून ११६. दोन्ही फेऱ्यांचा वेग काढून सरासरी केली, तर ताशी पावणेबत्तीस किलोमीटर आली. २० मैल म्हणजे ३२ किलोमीटर. एवढा फरक चालतो. एकाच दिशेने मोजले असते तर फसलो असतो, म्हणून नेहमी जाऊन-येऊन मोजावे. काटा पाण्यातला वेग सांगतो, मोबाइल जमिनीवरचा. वारा किंवा प्रवाह असला की दोघांत थोडा फरक पडणारच, त्यात कुणी खोटे नसते.

आम्ही आनंदाने परत फिरलो. धक्का जवळ आला. इंजिन अगदी हळू केले आणि काट्याकडे पाहिले. काटा शून्यावर! बोट मात्र पुढे सरकत होती, अगदी त्या दिवसासारखी.

आम्ही दोघे एकमेकांकडे पाहू लागलो. भोक मोकळे, नळी नवी, काटा निर्दोष, मग हे काय? नातीने वहीत पाहून सांगितले. ताशी ५ मैल, म्हणजे ८ किलोमीटर, या वेगाचा दाब म्हणजे फक्त २५ सेंटिमीटर पाणी. जेमतेम वीतभर! एवढ्याने हा काटा जागाच होत नाही. हळू चालताना तो शून्यच दाखवणार, कितीही दुरुस्त केला तरी.

मामा हळू आवाजात म्हणाले, “काटा शून्यावर म्हणजे बोट उभी, असं नसतं रे बाबांनो. आमच्या लाँचला काटाच नव्हता. म्हणून आम्ही पाण्याकडे बघायचो.”

त्या रात्री आम्ही नातवाला जवळ बसवले आणि सांगितले की त्या शुक्रवारी चूक काट्याची नव्हती. काटा तुटका होता हे खरे, पण तो चांगला असता तरी तेव्हा शून्यच दाखवला असता. चूक आमची होती. आम्ही धक्क्याकडे आणि तुझ्या हाताकडे बघायला हवे होते. इतके महिने आम्ही एका डबीला दोष देत होतो, कारण ते सोपे होते. तो काही बोलला नाही. त्याने आपली दोन बोटे उघडून-मिटून दाखवली, म्हणजे ‘बरी आहेत’.

आता तो खेळ. जुन्या काळी जहाजावरून दोरीला बांधलेली फळी पाण्यात टाकायचे. दोरीला ठरावीक अंतरावर, साधारण ४७ फुटांवर, गाठी असायच्या. २८ सेकंदांच्या वाळूच्या घड्याळात जेवढ्या गाठी हातातून सुटतील, तेवढा जहाजाचा वेग. म्हणून समुद्रावरच्या वेगाला इंग्रजीत ‘नॉट’, म्हणजे गाठ, म्हणतात. एक नॉट म्हणजे ताशी १८५२ मीटर. मामांच्या लाँचवर दोरीही नव्हती. ते पुढच्या टोकाला नारळाच्या शेंडीचा तुकडा पाण्यात टाकायचे आणि तो मागच्या टोकाला येईपर्यंत मोजायचे. मोजायचे कसे? “एक रेवस, दोन रेवस, तीन रेवस...” असे सावकाश म्हटले की प्रत्येकाला एक सेकंद लागतो!

आमची बोट साडेपाच मीटरची. तिच्यासाठी नातीने सोपा हिशेब काढला: वीसला जेवढे रेवस झाले त्या आकड्याने भागा, ताशी किलोमीटर मिळतील. दोन रेवस झाले तर दहा, चार झाले तर पाच, आठ झाले तर अडीच. काटा जिथे झोपतो, नेमके तिथे ही मोजणी सगळ्यात चांगली चालते. नारळाची शेंडी इथे कुठून आणणार? आम्ही संत्र्याच्या सालीचा तुकडा टाकतो. टाकणारा आणि मोजणारा वेगळा, सुकाणूवरचा माणूस समोर बघतो. आमच्या घरचा नियम असा, की आठ रेवस झाल्याशिवाय धक्क्याजवळ जायचे नाही आणि बोट बांधून होईपर्यंत हात कुणीही बाहेर काढायचा नाही.

आमच्या नातवंडांना मराठी फारसे येत नाही. घरात हिब्रूच चालते. पण बोट धक्क्याला येऊ लागली की पुढे बसलेला नातू मोठ्याने मोजतो, “एक रेवस, दोन रेवस...” रेवस त्याने कधी पाहिलेले नाही. दर शुक्रवारी, शब्बाथच्या आधी, अशदोदहून मामांचा फोन येतो. तब्येतीची चौकशी नंतर. पहिला प्रश्न ठरलेला, “काय रे, आज धक्क्याला किती रेवस?”

“आठ, सबा,” तो सांगतो. मग मामा म्हणतात, “बेसेदेर. आता आईला फोन दे.”

सर्व वाचकांना शब्बाथ शालोम.